नवसाबाईच्या घरचा दहावा

माझं डोकं तापट, हे अख्ख्या मार्केट यार्डाला ठाऊक हाय. पण त्या दिवशीचं बोलणं आठवलं की माझीच मला लाज वाटते.

नवसाबाई सरकारी दवाखान्याबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना फुकट जेवण देणाऱ्या संस्थेत कामाला. बारा वर्षं रोज पहाटे टेम्पो घेऊन यायची अन् आम्हा मळेवाल्यांकडून भाजी मागायची. मागायची म्हणजे काय, आधी घरचं विचारायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोराची सोयरीक मोडली, सगळं तिला पाठ! माझी आई गेली तेव्हा सख्खे भाऊबंद उन्हाचं कारण सांगून सटकले, ही बाई मात्र आमच्या गंगेच्या घाटावर दहावा आटपेपर्यंत बसून होती. अशा बाईला कोबीच्या एका पोत्याला कोण नाय म्हणेल? आम्ही चाळीसजण द्यायचो, अन् वर आपणच लय दानशूर म्हणून मिरवायचो.

यंदा मार्गशीर्षात ती तीन दिवस आलीच नाय. चौथ्या दिवशी आली, तर लांबच उभी. भाजीला हात लावीना, ड्रायव्हर अश्विनलाच जाळ्या उचलायला सांगत होती. मी चहा पुढं केला, तोही घेतला नाय.

"तीन दिवस तुझ्यासाठी काढलेली माझी मेथी सडली, अन् आज शेठाणीसारखी हुकूम सोडतेस व्हय?" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

"घरी अडचण होती, दत्तूदादा," ती म्हणाली. "तुमची रूपाली सुनबाई बाळंत झाली का?"

"पोरगी झाली," मी तोंड फिरवून म्हटलं.

सुतकातली बाई दुसऱ्याच्या भाजीला शिवत नाय, हे माझ्यासारख्या साठीच्या गड्याला कुणी सांगायला पाहिजे होतं का? पण ते डोक्यातच आलं नाय. तिलाही घर असेल, त्या घरात कुणी मरेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

पाच दिवसांनी अश्विन म्हणाला, "काका, उद्या मी एकटाच येईन. मावशीच्या मालकांचा दहावा हाय."

म्हणजे तिचा नवरा गेला होता, अन् मी मेथीसाठी ओरडलो होतो. मी गाळ्यागाळ्यावर जाऊन सांगितलं, उद्या घाटावर चला रे सगळे. पण ती लिलावाची वेळ, जो तो म्हणाला, घरी जाऊन भेटू की नंतर. तिचं घर कुठं हाय, ते मात्र एकालाही सांगता येईना.

शेवटी मी एकटाच गेलो. घाटावर संस्थेतल्या दोन बायका, तिचा दीर अन् गुरुजी, एवढीच माणसं. मला बघून ती उठली अन् म्हणाली, "दादा, तुम्ही आलात? माल कोण विकतंय मग?"

तेवढ्यात गुरुजींनी तिलांजलीला बोलावलं. "गेलेल्याचं नाव घेऊन पाणी सोडा."

मी ओंजळ पुढं केली. नाव येईना. बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. पाणी बोटांतून गळायला लागलं तसं नवसाबाई जवळ सरकली, हळूच म्हणाली, "सहादू म्हणा, दादा."