लाल रंगाचा हातपंप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तसा मी गप्प बसणारा माणूस नाही. आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं खातं माझ्याचकडे. बारसं असो, लग्न असो, पंगत उठली की कुणीतरी म्हणतंच, "काका, ते इलेक्शनचं सांगा की." मग मी सुरू. पहिल्या सभेत मी जंतांवर पाऊण तास कसा बोललो, माईकवाला कसा पेंगला, आणि खाली उतरल्यावर बायको कशी म्हणाली, "अहो, हजेरी घ्यायची राहिली." सगळे हसतात. मीही हसतो. फक्त एक गाव मी दरवेळी गाळतो.

आज लातूरच्या घरी एकटाच आहे. बायको पुण्याला लेकीकडे. आमदारकी गेली की आधी काय जातं, माहितीय? दारातल्या चपला. एकेकाळी पायरी दिसत नव्हती, आता झाडून घेण्याइतकाही कचरा होत नाही. बोलायला कुणी नाही म्हणून तुम्हाला सांगतोय — असं म्हणू का? पण दार भरलेलं होतं तेव्हा तरी कुठं सांगितलं?

मी डॉक्टर, पण सुई न टोचणारा. नांदेडला मेडिकलच्या पोरांना अठरा वर्षं सार्वजनिक आरोग्य शिकवलं — पाणी, संडास, डास. ह्या विषयाचा मास्तर गावोगाव हिंडतो, लोक ओळखतात. पक्षाला चेहरा हवा होता. मलाही, खोटं कशाला बोलू, हार घालून घ्यायची हौस होतीच.

इस्लापूरच्या अलीकडे एक गाव आहे. नाव राहू द्या. तिथल्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड निघालं होतं. पोरांचे दात चॉकलेटी, चाळिशीतल्या माणसांचे गुडघे वाकलेले. नमुना घेतला होता वंदनानं — आमच्या कॉलेजच्या पाणी-तपासणीवरची कंत्राटी तंत्रज्ञ, मजुराची पोर, घरातली पहिली नोकरी. फ्लोराइडचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घ्यायचा, काचेच्या नाही, हे मीच तिला शिकवलेलं. रिपोर्ट आला आणि तिनं स्वतः पंपाला लाल रंग दिला. लाल म्हणजे पिऊ नका. बायका लांबच्या विहिरीवर जायला लागल्या. माझ्या हातून खरं काम झालं असेल, तर ते एवढंच.

मग मी उमेदवार म्हणून त्या गावात गेलो. पारावर म्हातारी मंडळी जमली होती. एक जण म्हणाले, "डाक्टरसायब, तुमच्या लाल रंगापायी आमची पोरं बिनलग्नाची फिरून राहिली. पाव्हणे पोरगा बघत न्हाईत, आधी बोअर बघतेत." दुसरे म्हणाले, "रंग तेवढा काढा. गाव तुमच्या पाठीशी हाय."

काय करायला हवं होतं मी? टँकर मागता आला असता, नळयोजनेचा शब्द देता आला असता. उमेदवाराला शब्दांचा कसला तुटवडा? पण त्याला वेळ लागला असता. आणि मतदान पुढच्या आठवड्यात.

दुसऱ्या दिवशीच्या सभेत मी सांगितलं — पाण्यात दोष नाही. जुना नमुना चुकून काचेच्या बाटलीत घेतला गेला, म्हणून आकडा वाढला.

बाटली काचेची नव्हती. आणि असती, तरी काचेनं आकडा झालाच तर कमी होतो, वाढत नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरानंही हे खोटं पकडलं असतं. त्या सभेत ते दोघांनाच कळलं. मला — आणि वंदनाला. ती मागं उभी होती. ड्युटी नव्हती तिची. सरांचं भाषण ऐकायला आली होती.

पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अशांच्या हातात बाटल्या दिल्यावर दुसरं काय होनार." लोक हसले. 'अशांच्या' म्हणजे कुणाच्या, हे मला समजलं. तिलाही समजलं. मी काय केलं? टेबलावरच्या सीलबंद बाटलीतलं पाणी प्यालो आणि पुढं बोलत राहिलो.

सभा संपल्यावर ती समोर आली. "जय भीम, सर," म्हणाली, रोजच्यासारखं, आणि निघून गेली.

संध्याकाळपर्यंत पंप निळा झाला. निळा म्हणजे खुशाल प्या. गावानं मला भरभरून मतं दिली. वंदनाचं कंत्राट वाढवलं गेलं नाही. शेऱ्यात लिहिलं होतं — नमुना घेताना हलगर्जी.

पुढं ती माझ्या ऑफिसात आली. नोकरी मागायला नाही. "सर, बाटली प्लास्टिकची होती, एवढी एक ओळ लिहून द्या. कुठंबी अर्ज केला की तेच विचारतेत." मी म्हणालो, "बघू." चहा पाजला. नंतर दोनदा आली तेव्हा माझ्या माणसानं सांगितलं, साहेब दौऱ्यावर आहेत. साहेब आतल्या खोलीत होते. तिचा आवाज ऐकत होते.

चार वर्षांनी त्या गावात नळ आला. नारळ मीच फोडला. समोर शाळेची पोरं ओळीत उभी केली होती. ती मधली चार वर्षं पंपाचंच पाणी प्यालेली पोरं. माझ्याकडं बघून ती हसली, आणि मी त्यांचे दात पाहिले.

वंदना आता उदगीरला एका खाजगी लॅबमध्ये असते, असं ऐकतो.

बाटली प्लास्टिकची होती. नमुना बरोबर होता. खोटं मी बोललो. ही ओळ लिहायला मला अकरा वर्षं लागली. सरकारी भरतीचं तिचं वय मागच्या वर्षी उलटलं.