मागची दाढ

इंदोरा वस्तीतल्या बालवाडीत पोरांनी भीमाबाईंचं नाव ‘आ-कर बाई’ ठेवलं होतं. खाऊ झाला की एकेकाला नळाजवळ उभं करायचं, खळखळून चूळ भरायला लावायची आणि मग तोंडात डोकावायचं, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. आणि अकरा वर्षं त्या एकाच वाक्यापुढे डोकं आपटत होत्या. पोराचे किडलेले दात दाखवले की आई म्हणायची, दुधाचेच तर आहेत, पडतीलच. बापही तेच म्हणायचा. रडं थांबवायला हातावर संत्रा गोळी ठेवणारी आजीही तेच. बाटली तोंडात ठेवून झोपवू नका, गोड दिलं तर वरून चूळ भरायला लावा, हे सांगून सांगून भीमाबाईंच्या तोंडाला फेस आला. लोक मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी गाल धरून रडणारं पोर दारात आणून सोडायचे. भीमाबाईंचं टाळकं सटकायचं, पण सांगणार कोणाला?

त्यांची धाकटी विशाखा सात वर्षांची. त्या हिवाळ्यात एका सकाळी ती दाढ दुखते म्हणून मागे लागली. नेमके त्याच दिवशी बालवाडीच्या तपासणीला साहेब यायचे होते आणि तक्ते अर्धेच रंगले होते. भीमाबाईंनी वळूनही पाहिलं नाही.

“दुधाची दाढ आहे, पडते ते. काहून रडून राहिली?”

सासूने, बायजाबाईंनी, आपल्या डबीतला तंबाखू-गुळाचा गुडाखू बोटावर घेऊन दाढेला लावला. ठणका थांबला, आणि घरात तो विषयही संपला.

उन्हाळ्यात विशाखाचा गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. तेव्हा कुठे भीमाबाई तिला घेऊन धंतोलीला दातांच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी आत पाहिलं आणि दाढ काढावी लागेल म्हणाल्या. दुसऱ्या बाजूच्या दाढेवर नुकता काळा ठिपका पडला होता, ती मात्र भरून वाचवता येणार होती.

“काढा,” भीमाबाई म्हणाल्या. “दुधाचीच आहे ना?”

“नाही हो बाई. ही सहाव्या वर्षी सगळ्यांच्या मागून येते. तिच्यासाठी आधी कोणता दात पडत नाही, म्हणून घरच्यांना कळतच नाही. ही कायमची होती.”

भीमाबाईंना आधी सासूचा राग आला, मग नवऱ्याचा, मग त्या साहेबांचा. बालवाडीच्या कामाचं दोन महिने प्रशिक्षण झालं, त्यात एकाही साहेबाने मागच्या दाढेबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. एक दाढ काढून, दुसरी भरून रिक्षात बसल्यावर मात्र राग ठेवायला कोणी उरलं नाही. अख्ख्या वस्तीशी ज्या वाक्यावरून त्या भांडल्या, ते आपल्या लेकीला त्यांनी स्वतःच ऐकवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

घरी येताच विशाखाने कागदात बांधून आणलेली दाढ काढली आणि आजीने शिकवल्याप्रमाणे उंदराकडे नवा दात मागून कौलांवर भिरकावली. दाढ खडखडत कुठेतरी अडकली. कापसाचा बोळा धरलेल्या तोंडाने विशाखा बोबडं बोलली.

“आई, नवीन केव्हा येते वं?”

 भीमाबाईंनी तिला दारातल्या उजेडात ओढलं, हनुवटी वर केली.

“आ कर,” त्या म्हणाल्या, आणि भरलेली दाढ नीट दिसेपर्यंत आत पाहत राहिल्या.