खिडकीजवळच्या दोन जागा

अमेरिकेला जाताना मुलाने आम्हा दोघांसाठी हौसेने बिझनेस क्लासमधल्या खिडकीजवळच्या जागा निवडल्या, एकामागे एक. ह्यांना हल्ली विसरायला होतं, प्रवास तरी आरामात व्हावा, एवढंच त्याच्या मनात. जागा खरोखर ऐसपैस होत्या. पाय पसरून झोपावं आणि भोवती खांद्याएवढी भिंत.

वाटेत विमान हादरू लागलं. पट्टे बांधून बसून राहायची सूचना झाली आणि पुढून ह्यांची घाबरी हाक आली.

"अहो, मी इथेच आहे, तुमच्या मागे," मी म्हणत राहिले. हात पुढे केला, तो भिंतीला लागला. माणसाला त्रास नको म्हणून माणसांत किती अंतर ठेवतात!

हे पलीकडच्या प्रवाशाला सांगत होते, "आवाज तिचाच आहे हो, पण ती कुठे दिसत नाही."