मुखेडच्या कोर्टावरल्या नकला

किस्से काही कुणी जमवीत न्हाई बघा. एक सांगावा तर त्याच्या मागं दुसरा येऊन उभा राहतो. मी आमच्या बास्केटबॉल कोर्टाचा राखणदार. शाळेचं तोंड पाहिलं न्हाई. मी सांगून राहिलो, नात लिहून राहिली.

आमचे सर पोरींना खेळाचं मूळ शिकवायचे. उभं कसं राहायचं, थांबायचं कसं, बॉल कसा धरायचा, आपटत ड्रिबल कसं करायचं. पोरगी चुकली की सर रागावत नसत, तिची नक्कल करीत. बाकीच्या हसत, अन् तिला आपली चूक दिसे.

सुरेखा नवी आली तवा गुडघे न वाकवता ताठ उभी राहायची. सर तिच्यापुढं तसेच खांबासारखे उभे राहिले, पास छातीवर घेतला अन् धाडकन पाठीवर पडले!

ती घाबरली. "लागलं का सर?"

सर पडल्या पडल्या म्हणले, "मला कशाला लागंल? पडलीस तू!"

* * *

डाव्या हाताला वळण लागावं म्हणून सरांचा हुकूम निघाला: जेवण सोडून घरची सगळी कामं डाव्या हातानं. सुरेखा डाव्या हातानं भाकरी थापायला बसली. निम्मं पीठ परातीबाहेर! आजीनं ते पाहिलं अन् गल्लीत जाऊन बोंब ठोकली, "धावा रे! पोरीच्या अंगावरून वारं गेलं!"

शेजाऱ्यांनी काही न विचारता सुरेखाला रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "काय होत न्हाई?"

सुरेखा म्हणली, "ड्रिबल."

* * *

लातूरला संघाची निवड होती. आदल्या सकाळी सर ड्रिबल दाखवून राहिले होते. बॉल उजव्या हातातून सुटला. पाय फरपटला, तोंड एका बाजूला गेलं. पोरी खो खो हसल्या.

"सर, ही कोण? मंदा ना?"

मंदा म्हणली, "मी न्हाई बाई! मी एवढी वाईट खेळत न्हाई!"

टाळ्या पडल्या. सर खाली बसले, मग आडवे झाले. टाळ्या जरा वेळ चालूच होत्या.

* * *

नांदेडच्या दवाखान्यात जीव वाचला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरला, कोर्टावर दिवसभर ओरडायचे तो. "वाक!"

डॉक्टरांनी नाव विचारलं. "वाक!" गाव विचारलं. "वाक!" घरी आल्यावर पाणी पाहिजे तरी तेच, उशी पाहिजे तरी तेच.

सरांच्या घरच्या बाई एकदा मला म्हणल्या, "बाबा, सकाळपासून हेच हाय. आता आणखी किती वाकू हो?" हसल्या, अन् हसता हसता भिंतीला टेकून खालीच बसल्या.

* * *

डॉक्टरांनी बजावलं होतं, "पायात जरा जीव आलाय. उजव्या पायावर भार दिला तर चालतील. न्हाई तर जन्मभर खुर्ची." पण सर भार देईनात. उभं केलं की सगळं वजन डाव्या पायावर. बाई रडल्या, सरांचा भाऊ ओरडला. सर आपले खुर्चीतून भिंतीकडं बघत.

मग पोरींनी एक दिवस त्यांना रिक्षातून कोर्टावर आणलं, खुर्चीत बसवलं. सरांची मान वर होईना.

सुरेखा समोर गेली. उजवा हात छातीशी आखडला. तोंड वाकडं केलं. अन् उजवा पाय ओढत कोर्टभर चालायला लागली. सरांची नक्कल!

कुणी हसलं न्हाई. बाई ओरडल्या, "सुरेखा! लाज न्हाई का गं तुला?"

सुरेखाच्या डोळ्यातून पाणी गळत होतं, पण पाय ओढणं थांबलं न्हाई. ओढत ओढत सरांपुढं येऊन उभी राहिली.

सर लई वेळ तिच्या पायाकडं बघत राहिले. मग खुर्चीचा हात दाबून उठले. डाव्या हातानं तिचा खांदा धरला. तिचं चुकलं अशी मान हलवली. अन् उजव्या पायावर उभं राहून, डावा पाय उचलून त्यांनी सुरेखाचा उजवा पाय जरा बाहेरच्या बाजूला सारला.