अण्णांच्या खुर्चीपुढे मान हलवणारी ठुमकी

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, वारल्यानंतर वर्षभराने घरी परत आले, आणि त्यांना सगळ्यात आधी ओळखलं ते एका आंधळ्या मांजरीनं.

मांजर आमची, पण राहायची चाकणच्या पुढे एका आश्रमात. जखमी, लंगडी, रस्त्यावर टाकलेली मांजरं सांभाळणारा आश्रम. आईच्या पंच्याहत्तरीला माझ्या बायकोनं, सुनंदानं, केक न आणता तिच्या नावानं तिथली एक मांजर दत्तक घेतली. म्हणजे मांजर तिथंच राहणार, खर्च आपण उचलायचा, आणि दर महिन्याला मांजरीचं पत्र येणार. (पत्र आश्रमाच्या ताई लिहीत. एवढं मलाही कळतं.) 'प्रिय आजी, या महिन्यात मी तीनदा पाण्याच्या भांड्यात पडले. दोनदा चुकून.' आई ती पत्रं गादीखाली ठेवायची.

ठुमकी जन्मापासून अशीच. मेंदूत काहीतरी कमी राहिलेलं, त्यामुळे ती बोटीवर असल्यासारखी चालायची, आणि कशाकडे लक्ष एकवटलं की तिची मान आपोआप हलायची. वर, खाली, वर, खाली. अगदी 'हो, हो' म्हटल्यासारखी.

आश्रमाच्या छपराचं काम निघालं, तेव्हा ताईंनी सगळ्या पालकांना विचारलं, आठ दिवस सांभाळता का? मी कंपनीत, धडाधड पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपच्या क्वालिटीत अठ्ठावीस वर्षं काढून गेल्या वर्षीच व्हीआरएस घेतलेली. दिवसभर मोशीतल्या फ्लॅटमध्ये सहाव्या मजल्यावर टीव्ही बघत बसायचो. (आवाज कमी करा, असं खालच्या मजल्यावरून दोनदा सांगून गेले होते. चिडखोर लोक.) मी तयार झालो.

सोमवारी ठुमकीला घेऊन आलो. सोबत तिचं कार्ड. मी ते तपासणी अहवालासारखं वाचलं: 'दृष्टी शून्य. तोल निम्मा. बाकी सर्व उत्तम.' सही करून माल ताब्यात घेतला.

आता खुर्चीबद्दल सांगायला हवं. अण्णांची लाकडी आरामखुर्ची, वर रेक्झिनची उसवलेली गादी. ती वर्षभर आईच्या खोलीत होती. मी तिचा सौदा भंगारवाल्याशी केला होता, कारण नवा सोफा ठरला होता. रविवारी तो येणार, म्हणून मी त्या सोमवारीच खुर्ची हॉलमध्ये आणून ठेवली. आई नको म्हणाली नाही. आई कधीच नको म्हणत नाही. ती फक्त फडकं घेऊन आली आणि खुर्चीचे हात पुसत बसली, अर्धा तास.

त्याच दुपारी, सुनंदा ऑफिसात, आई आत, पंखा फिरतोय, ठुमकी फरशीवर पसरलेली. एकाएकी तिनं मान उचलली. ते दोन पांढरे डोळे बरोबर रिकाम्या खुर्चीवर लावले, आणि मान हलू लागली. हो. हो. हो. खुर्चीतलं कुणीतरी बोलतंय आणि ही ऐकतेय.

मी घड्याळात पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

अण्णांची पहिली शिफ्ट साडेतीनला सुटायची. कंपनीची बस, मग पायी. आयुष्यभर चार दहाला ते या खुर्चीत टेकले.

मंगळवारी चार दहाला पुन्हा तेच. आणि तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. हातात चहाचा कप. तिनं तो खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि आत गेली.

आईला पण दिसतायत! आणि हा चहा तसाच निवला, साय धरली, तर तिच्या जिवाला काय वाटेल? मी इकडं तिकडं पाहिलं, कप उचलला आणि उभ्या उभ्या घशात ओतला. जीभ भाजली. आई बाहेर आली, रिकाम्या कपाकडे बघून शांतपणे म्हणाली, "संपला का?"

ती खुर्चीला विचारत होती, असं मला वाटलं.

बुधवारी ठुमकी उठली. झोकांड्या खात, दोनदा पडत, खुर्चीपाशी गेली. जिथं माणसाचे पाय असतात, तिथल्या हवेला अंग घासलं. (खरं सांगायचं तर खुर्चीच्या पायाला घासलं असेल. मी तेव्हा सोफ्याच्या कॅटलॉगमागून बघत होतो.) मी हळूच विचारलं, "अण्णा, तुम्हीच का?"

मान हलली. हो.

"खुर्ची विकतोय म्हणून रागावलात?"

हो, हो, हो.

"आणि तुमची ती स्कूटर... ती शेजारच्यानं ठोकली नव्हती. मीच ठोकली होती. तुम्हाला ठाऊक होतं?"

ठुमकीची मान इतकी हलली की ती आडवी झाली.

गुरुवारी मी कागद घेऊन बसलो. कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला की आम्ही पाचदा 'का' विचारायचो, पाचव्या उत्तरात खरं कारण सापडतं. मांजर मान का हलवते? कुणीतरी बोलतं म्हणून. का बोलतं? काही सांगायचं राहिलंय म्हणून. असं करत पाचव्या ओळीला उत्तर आलं: 'कारण दिलीपने, म्हणजे मीच, खुर्ची भंगारात काढली.' पण क्वालिटीचा माणूस ट्रायल घेतल्याशिवाय सही करत नाही. शुक्रवारी मी खुर्ची उचलून स्वयंपाकघरात ठेवली. चार दहाला हॉलमधल्या ठुमकीनं तोंड फिरवलं, ते सरळ स्वयंपाकघराकडे. शनिवारी मी खुर्ची परत आणली. ठुमकीची मानही परत आली.

दोन्ही दिवस चहा आलाच. मी प्यालो. शुक्रवारी अण्णांच्या आवडीची जास्त साखर होती, ती मी तक्रार न करता सोसली.

शनिवारी रात्री जेवताना मी सुनंदाला म्हणालो, "सोफा राहू दे. अण्णा नाही म्हणतायत."

ती जेवता जेवता थांबली. "कोण नाही म्हणतंय?"

"अण्णा. ठुमकीच्या मार्फत."

"अहो, तुम्ही उद्यापासून दुपारी जरा बाहेर फिरून या," ती म्हणाली. "आणि भंगारवाल्याला मी फोन केलाय. चारला येतोय."

रविवारी तो चारला आला. चांगला धिप्पाड माणूस. आई दारात उभी, फडकं मुठीत घट्ट. मी मध्ये पडून म्हणालो, "भाऊ, दहा मिनिटं थांबा." त्याला चहा दिला, पावसापाण्याचं विचारलं. शेवटी तो कंटाळून उठला. त्यानं खुर्चीला हात घातला, ती जमिनीपासून वीतभर उचलली, आणि तसाच गोठला.

खुर्ची त्यानं सावकाश खाली ठेवली. कान पुढे केला.

मी सुनंदाकडे पाहिलं. ती खुर्चीकडे टक लावून बघत होती. आईही. ठुमकीही, मान हलवत. तिघं माणसं आणि एक मांजर, चौघंही त्या रिकाम्या खुर्चीचं ऐकत होती. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पंखा तेवढा फिरताना दिसत होता. मेलेला बाप सगळ्यांशी, भंगारवाल्याशीसुद्धा बोलतोय, आणि सख्ख्या मुलाशी अबोला धरलाय! मी हात जोडून म्हणालो, "अण्णा, चुकलो. खुर्ची राहील. सोफा रद्द. माझ्याशी पण बोला."

भंगारवाला आईला म्हणाला, "मावशी, यांना काय झालंय?"

"अहो," सुनंदा म्हणाली, "घड्याळ वाजतंय. गादीत. केवढ्यानं वाजतंय, आणि तुम्ही हात कसले जोडताय?"

भंगारवाल्यानं गादीच्या उसवलेल्या शिवणीत हात घालून अण्णांचं जुनं डिजिटल घड्याळ बाहेर काढलं. ते माझ्या कानाशी धरलं. मी त्याच्याकडे बघून ओशाळं हसलो.

"रिटायर झाल्यावर लावलं व्हतं त्यांनी," आई म्हणाली. "चार धाला वाजलं की म्हणायचे, शिफ्ट सुटली, आण चहा. ते गेल्यावर गादीत सापडलं. म्हटलं, वाजतंय तिथून वाजू दे. खुर्चीतनं आवाज येतो, बरं वाटतं."

"मला सांगायचंस ना!"

"आरं, रोज एवढ्यानं वाजतंय. मला वाटलं, तुला बी ऐकू येतंय अन् तरी विकतोयस."

भंगारवाला चपला घालून केव्हाच निघून गेला होता.

"मग चहा?" मी विचारलं.

"तुझ्यासाठीच ठेवत हुते. तू त्या वेळी समोर बसलेला असायचास. चोरावानी का पीत व्हतास, देव जाणे."

आता कबुलीच देतो. कंपनीत दरवर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेच्या खोलीत बसवायचे, कानाला हेडफोन, आवाज आला की बोट वर. मला तो बारीक आवाज कधी आला नाही (माणसांचं बोलणं मी ओठ बघून अंदाजानं जुळवतो), पण काचेतून तपासणाऱ्याचा हात दिसायचा. त्यानं बटण दाबलं की मी बोट वर. अठ्ठावीस वर्षं माझे कान उत्तम पास होत होते. ठुमकीच्या कार्डावरच्या 'बाकी सर्व उत्तम'मध्ये कान येतात, हे मात्र क्वालिटीच्या माणसाला सुचलं नाही.

खुर्ची राहिली. घड्याळही गादीतच परत गेलं. सोफा आला नाही. ठुमकी आश्रमात परतली आणि मला कानाचं मशीन आलं. ते मी बहुधा खिशात ठेवतो.

गेल्या आठवड्यात तिचं पत्र आलं. सुनंदानं ताईंना सगळं सांगितलेलं दिसतंय. तिनं ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि दोघी डोळे पुसेपर्यंत हसल्या. पत्र नंतर मी स्वतः वाचलं. शेवटी लिहिलं होतं: 'आजी, माझ्या शेजारची जागा रिकामी झाली आहे. दिलीपकाकांना पाठवता का? त्यांनाही कुणीतरी पालक मिळतील.'

त्या वेळी मशीन खिशात होतं. वाचून झाल्यावर आईनं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. काय विचारलं ते कळलं नाही, म्हणून मी नेहमीसारखी मान हलवली. वर, खाली, वर, खाली.