तबकडी आणि सुपारी

लग्न होऊन मुलुंडला आले त्याच वर्षी धाकट्या दिरांनी मित्राच्या मस्कतवाल्या मामाकडून एक व्हिडिओ गेम मिळवला. टीव्हीला जोडायची काळी पेटी, एक दांडा आणि लाल बटण. पडद्यावर खाली आपलं यान, वरून उतरणारी शत्रूची यानं, आणि मधूनच आडवी सटकणारी एक तबकडी. ती तबकडी आमच्या घरात कुणालाच पाडता येत नव्हती. मला येत होती, आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं.

दुपारी भांडी झाली की सासूबाई आतल्या खोलीत आडव्या होत. बाकी सगळे बाहेर. मी टीव्हीचं शटर सरकवायचे, आवाज पार बंद करायचे आणि जमिनीवर मांडी ठोकायचे. मासिक वाचत बसले असते तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण सुनेनं लढाऊ यान उडवायचं म्हणजे काय! मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी हात थांबायचे नाहीत.

खेळाच्या खोडी हळूहळू कळत गेल्या. शत्रू जितके कमी उरतात तितके जोरात धावतात, म्हणून शेवटच्याच्या मागे लागायचं नाही. डाव्या कोपऱ्यात गोळ्या पोचत नाहीत, तिथे दबा धरायचा. तबकडी दिसल्यावर नेम धरला तर ती गेलीच समजा. ती यायच्या आधी कडेचा एक तारा लुकलुकायचा थांबतो, गोळी तेव्हाच सोडायची. दीर आणि त्यांचे दोस्त तबकडीच्या भोंग्याची वाट बघत बसायचे. मला भोंगा नव्हताच, म्हणून तारा दिसला.

इकडे सासूबाई नात्यागोत्यात माझे गोडवे गात. "आमची सून दुपारीसुद्धा पाठ टेकत नाही हो. ह्यांची सुपारी कातरत बसते. मला आत टकटक ऐकू येते ना!"

सुपारी मी सकाळीच कातरून ठेवायचे. ती टकटक दांड्याची होती. कौतुक ऐकताना मी मान खाली घालायचे, आणि बायका म्हणायच्या, किती लाजते बघा.

एका रविवारी नणंद आणि तिचे यजमान आले. जेवणानंतर खेळ सुरू झाला. "वाट लागली यार!" म्हणत एकेक जण मरत होता. शेवटी जावईबापू हसत म्हणाले, "वहिनींना द्या ना. पोळपाट समजून चालवतील."

इथे गप्प बसायला हवं होतं. पण माझं डोकं मुळात गरम. पदर खोचला आणि बसले.

पहिल्याच क्षणाला टीव्ही असा काही किंचाळला की मी दचकले आणि माझं यान गेलं. सगळे खो खो हसले. जावईबापू तर सोफ्यावर लोळायचेच बाकी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "भावजी, तो आवाज बंद करा हो. मला आवाजात जमत नाही."

दीर उठता उठता थांबले. "आवाजात जमत नाही? म्हणजे बिनआवाजाचं कधी जमलं, वहिनी?"

त्यांनी आवाज बंद केला आणि मी खेळले. तारा थांबला, गोळी सोडली, तबकडी फुटली. टाळ्या वाजायला हव्या होत्या. पण त्या शांततेत दांड्याची टकटक तेवढी घरभर ऐकू येत होती, आणि कोचावर बसलेल्या सासूबाई कान देऊन ती ऐकत होत्या.

"हीच गं ती सुपारी?" त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नणंदेकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. इतक्या जणांना सांगून बसल्या होत्या बिचाऱ्या. खाली पाहिलं ते त्यांनी, मी नाही. आणि ते बघून मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टीव्हीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अडकित्ता घेतला, सुपारी घेतली आणि कातरायला बसले.

आतून हाक आली, "काय चाललंय गं?"

"सुपारी कातरते, आई."

खाट करकरली, आणि सासूबाई स्वतः उठून बघायला आल्या.