अक्षय्य या शब्दाचं काय करायचं

आमच्या बोरीवलीच्या घरात अभ्यास मोठ्याने करायची सक्ती होती. बाबा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, रबराचे वायसर काढणाऱ्या मशीनवर होते. संध्याकाळी आले की हातपाय धुऊन माझ्यासमोर बसायचे. "वाच. माका पण ऐकांदे." त्यांची शाळा सातवीत सुटली होती, त्यामुळे माझे पुढचे धडे ते पहिल्यांदाच ऐकत होते.

एकदा द्रव्य अक्षय्यतेचा नियम आला. द्रव्य निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. बाबांनी तो मला परत वाचायला लावला. तेव्हापासून घरात काहीही हरवलं, चष्मा, नेलकटर, कुकरची शिट्टी, की खाटेवरून आवाज यायचा, "खंय जातला? अक्षय्य आसा!" आई चिडायची, "मगे उठा नि शोधा!" ते हसत उठायचे, आणि वस्तू बहुतेक वेळा त्यांच्याच उशीखाली निघायची.

कॉलेजमध्ये फिजिक्स इंग्रजीतून आलं. अक्षय्य हा शब्द तिथे नव्हताच. त्याच्या जागी कॉन्झर्वेशन आलं, आणि ते ऐकून मला कधी घर आठवलं नाही. पहिल्या वर्षाला असतानाच बाबा गेले.

त्यांना जाऊन वर्ष उलटलं आणि अक्षय्यतृतीया आली. सकाळी आई पितरांच्या नावाने द्यायचा मातीचा कुंभ पाण्याने भरत होती, मी चहा गाळत होते. ती मध्येच थांबली.

"तुझ्या पुस्तकात होता ना गो, अक्षय्य? काय नष्ट होत नाय म्हणून? मगे हे खंय गेले?"

सणातला अक्षय्य आणि पुस्तकातला अक्षय्य तिच्यासाठी एकच होते. पुस्तकातला बाबांबद्दल नव्हता, हे तिला कसं सांगायचं? नुसतं "आहेत कुठेतरी" म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण आमच्या घरात फिजिक्स शिकलेली मी एकटीच. माझ्या शब्दावर ती वाट बघत बसली असती.

"आई, सगळं राहतं, पण तसंच राहत नाही," मी चाचरत म्हणाले. "हा चहा बघ. गार होईल. त्याची उष्णता नाहीशी होत नाही, खोलीत पसरते. पण परत गोळा होऊन कपात येत नाही."

"कधीच नाय?"

"मला जेवढं शिकवलंय, त्यात तरी नाही."

ती कुंभातल्या पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बोलायलाच नको होतं. मग तिने विचारलं, "मगे खोली गरम होता?"

हे मला वर्गातही कुणी विचारलं नव्हतं. "होते. पण इतकी थोडी, की कळणार नाही."

"कळता काय, ता नाय विचारूक. होता काय नाय?"

"होते."

"मगे झाला तर." तिने कुंभात वाळ्याची जुडी सोडली, वर झाकण ठेवलं आणि माझ्या हातातल्या कपाकडे बघितलं. "पी आता ती चाय. खोली तापवत बसू नको."

बाबा गेल्यापासून आईने माझी चेष्टा केली नव्हती. मला हसू आलं, आणि तिलाही.